शेजारचं मंगल कार्यालय म्हणतंय, "पार्किंग सामायिक करू". सही करावी का?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

आमची इमारत सांगलीत विश्रामबागला, मुख्य रस्त्यापासून एक गल्ली आत. खाली दुकानं, पहिल्या मजल्यावर दोन दवाखाने आणि एक क्लास, त्याच्या वर फ्लॅट. मागे मोकळं पार्किंग आहे, आजच्या मानाने चांगलंच ऐसपैस. भिंतीपलीकडे मंगल कार्यालय. भिंत सामाईक, त्यामुळे भांडणंही सामाईक. लग्न असलं की वऱ्हाडाच्या गाड्या गल्लीत दोन्ही बाजूंना आणि उरलेल्या आमच्या फाटकात. मागच्या लगीनसराईत फुलांनी सजवलेली नवरदेवाची गाडी आमच्या फाटकात आडवी लावून ड्रायव्हर पंगतीला जाऊन बसला. पेशंट खोळंबलेले, डॉक्टर गाडी कोपऱ्यावर सोडून चालत आले. पंगतीतून ड्रायव्हर शोधून काढला तर म्हणतो, "मठ्ठा पिऊन आलोच."

आता कार्यालयाच्या मालकांनी प्रस्ताव आणलाय. भिंतीत फाटक पाडायचं, दोन्हीकडचं पार्किंग एक करायचं. पेव्हर ब्लॉक, दिवे, कॅमेरे, वॉचमन, सगळा खर्च त्यांचा. वर सोसायटीला दरमहा काही रक्कम. लग्न नसेल त्या दिवशी त्यांची जागा आमच्या दुकानांच्या गिऱ्हाइकांना मोकळी. ऐकायला झकास आहे. फक्त शेवटी एक कागद जोडलाय: महापालिकेला द्यायचं हमीपत्र, की "दोन्ही मिळकतींचे पार्किंग सामायिक समजण्यात यावे."

दुकानदार म्हणतात करा सही. फ्लॅटवाले म्हणतात अजिबात नाही. माझं खाली दुकान आणि वर फ्लॅट, त्यामुळे मला दोन्हीकडून शिव्या. यातला नियम कुणाला नीट माहीत आहे का? अशी सामायिक व्यवस्था कुठे चालताना पाहिली आहे का?

---

सेक्रेटरी_काका

सहीच्या आधी एक प्रश्न. ही जागा कुणाची? दुकानदार "आमचं पार्किंग" म्हणत असतील तर त्यांना सांगा, २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने नहालचंद लालूचंद विरुद्ध पांचाली सोसायटी या प्रकरणात स्पष्ट केलंय की मोकळं किंवा स्टिल्टमधलं (इमारतीखाली खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला फ्लॅटसारखं वेगळं विकता येत नाही. ती सामाईक जागा, म्हणजे सोसायटीची. कमिटीतल्या चार जणांनी चहावर ठरवायचा हा विषय नव्हे. सर्वसाधारण सभा बोलवा, विषयपत्रिकेवर घ्या, ठराव करा.

आदर्श उपविधींनुसार सभासदाला वाटप झालेली पार्किंगची जागा त्याला परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर चिठ्ठ्या टाकून वाटप करायचं. त्यामुळे बाहेरच्याला जागा द्यायच्या आधी आतल्यांचं भागतंय का ते बघा. उद्या एखादा सभासद उठेल आणि म्हणेल, माझी गाडी रस्त्यावर आणि वऱ्हाड आत?

दरमहा मिळणाऱ्या रकमेचंही बघा. सभासदांकडून घेतलेल्या वर्गणीला परस्परतेच्या तत्त्वामुळे, म्हणजे आपलेच पैसे आपल्यासाठी म्हणून, आयकरातून सूट मिळते. कार्यालयवाला तुमचा सभासद नाही. त्याचे पैसे हे सरळ उत्पन्न. तुमच्या सीएला आत्ताच विचारून घ्या.

---

तिरका_डोळा

नवरदेवाच्या गाडीची हवा सोडायची होती. सामायिक पार्किंग आपोआप झालं असतं.

---

नकाशेवाला

मिरजेत नकाशे मंजूर करून घेण्यात निम्मं आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं सविस्तर.

मुंबई आणि काही मोजके भाग सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. लोक तिला यूडीसीपीआरच म्हणतात. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकाही त्यातच. पार्किंग आठव्या प्रकरणात. चारचाकीचा चौकोन २.५ बाय ५ मीटर, दुचाकीचा १ बाय २. म्हणजे एका कारला नुसते उभं राहायलाच १२.५ चौरस मीटर, फिरवायची वाट वेगळी. कुठल्या वापराला किती गाड्यांची सोय हवी याचा तक्ता आहे, आणि शहराच्या आकाराप्रमाणे त्याला गुणक आहेत.

आता तुमचा प्रश्न. सामायिक पार्किंगची तरतूद आपल्याकडे आहे. अनेक मिळकतदारांनी मिळून एकत्र जागा दिली, प्राधिकरणाने मान्य केली, तर ती प्रत्येकाच्या गरजेत धरता येते. त्यासाठी एकत्रित आराखडा द्यायचा आणि त्या जागेवर कधीही बांधकाम करणार नाही असं नोंदणीकृत हमीपत्र द्यायचं. तुमच्यापुढे आलेला कागद बहुधा याच रस्त्याने आलाय.

पण मेख अशी की आपला तक्ता वापराप्रमाणे आकडे सांगतो, तासाप्रमाणे नाही. दुकानाला इतक्या, हॉलला इतक्या, फ्लॅटला इतक्या, आणि करा बेरीज. दोन मालक एकत्र आले म्हणून बेरीज कमी होत नाही. जागा एकत्र होते, इतकंच.

म्हणून माझा उलट प्रश्न: शेजाऱ्यांना महापालिकेचा कागद कशाला हवाय? नुसत्या गाड्या लावायच्या असतील तर आपसातला करार पुरतो. महापालिका मध्ये आली याचा अर्थ त्यांना कसली तरी परवानगी हवी आहे.

---

बफेलोचा_सांगलीकर

अमेरिकेत हा विषय चाळीस वर्षं जुना आहे. तिथल्या झोनिंगमध्ये, म्हणजे जमीनवापराच्या नियमांत, प्रत्येक वापराला किमान इतकं पार्किंग हवंच अशी सक्ती असायची. परिणाम असा की मॉलपुढे एकराएकराची डांबरी मैदानं, वर्षातले मोजके दिवस सोडले तर अर्धी रिकामी. मग अर्बन लँड इन्स्टिट्यूट या संस्थेने १९८३ मध्ये सामायिक पार्किंग मोजायची पद्धत मांडली. ऑफिस दिवसा भरतं, थिएटर संध्याकाळी, चर्च रविवारी सकाळी. सगळ्यांचे कमाल आकडे जोडण्यापेक्षा तासातासाची गरज मांडा, आणि ज्या तासाला बेरीज सर्वात मोठी येईल तेवढ्याच जागा बांधा. पुढे कितीतरी शहरांनी हे तक्ते आपल्या नियमांत घातले. सोबत अटी असतात: दुसरी जागा चालत जाण्याच्या अंतरात हवी, करार लेखी हवा, मिळकतीच्या दप्तरात नोंदवलेला हवा, आणि करार मोडला तर जागेची दुसरी सोय दाखवायची.

धागाकर्त्यांच्या जागेवर समजा असं आहे: दुकानं-दवाखाने-क्लास ४० गाड्या, फ्लॅट ३०, कार्यालय ६०. साधी बेरीज १३०. आता तास बघू. कामाच्या दिवशी दुपारी बारा: दुकानं ४०, कार्यालय १०, फ्लॅट १२, एकूण ६२. रात्री आठ: दुकानं ४, कार्यालय ६०, फ्लॅट २४, एकूण ८८. म्हणजे १३० ऐवजी ८८ जागांत भागतं. ४२ जागा वाचल्या. शेजारी चुकीचं काही सांगत नाहीयेत.

मी राहतो त्या बफेलोने तर २०१७ मध्ये किमान पार्किंगची अटच काढली. नंतरच्या अभ्यासात दिसलं की मिश्र वापराच्या नव्या प्रकल्पांनी जुन्या नियमापेक्षा सरासरी ५३ टक्के कमी जागा बांधल्या. शेजाऱ्याची रिकामी जागा वापरता येते म्हटल्यावर कोण कशाला जास्त बांधेल.

---

खणभागची_सून

भाऊ, दुपारी बाराला कार्यालयात १० गाड्या? कुठल्या लग्नाला गेला होतात?

आपल्याकडे मुहूर्त बारा पस्तीसचा. आणि वार गुरुवार. पंचांगाला सुट्टी-बिट्टी काही कळत नाही. अक्षता पडायच्या वेळी कार्यालय पूर्ण भरलेलं असतं आणि नेमका तोच वेळ सकाळच्या ओपीडीचा. दुसरं म्हणजे रात्री आठला दुकानं-दवाखान्यांत ४ गाड्या हे तुमच्याकडच्या ऑफिसला लागू असेल. इथे डॉक्टर संध्याकाळी सहाला बसतात ते नऊपर्यंत. क्लासही तेव्हाच सुटतो, पोरं न्यायला आलेल्या आया गाडी चालू ठेवून वाट बघत असतात. आणि रिसेप्शन साडेसातला.

आमचं सगळं एकाच वेळी असतं. मोकळं काही असेल तर दुपारी दोन ते चार. तेव्हा दुकानाचं शटर अर्ध्यावर आणि मालक घरी जेवून आडवा.

---

नकाशेवाला

@खणभागची_सून यांनी नेमकं बोट ठेवलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेच आकडे फिरवून बघितले. मुहूर्ताच्या वेळी: दुकानं ३५, कार्यालय ६०, फ्लॅट १२. झाले १०७. रिसेप्शनच्या वेळी: दुकानं ४०, कार्यालय ५०, फ्लॅट २२. झाले ११२. म्हणजे १३० चे फार तर ११२. वाचल्या १८ जागा, ४२ नव्हेत.

पद्धत बरोबर आहे, वेळापत्रक दुसऱ्या गावचं आहे. आपल्याकडे असा तक्ता कधी नियमात आलाच तर तो इथल्या चौकात उभं राहून मोजलेला हवा.

---

हळदवाला

मार्केट यार्डात गाळा हाय आमचा, तवा गाड्यांचं दुखणं मला सांगू नका. पर तुम्ही सगळे दिवसाच्या तासात अडकलाय. वर्षाकडं बगा की.

आषाढीपासनं कार्तिकीपर्यंत चातुर्मास. कार्यालयं थंड. आणि दुकानांचा धंदा कवा? गणपती, दसरा, दिवाळी. सगळं त्याच चार महिन्यांत. म्हंजे जवा तुमच्या गिऱ्हाइकाला जागा पाहिजे तवा कार्यालयाचं पटांगण मोकळं. तुळशीचं लगीन लागलं की कार्यालय सुरू, तवर दिवाळीची गर्दी सरलेली. याच्यापेक्षा चांगली जोडी कुठं मिळणार? आणि लग्नाच्या तारखा काय अचानक पडत न्हाईत. पंचांगात वर्षभर आधी छापलेल्या असतात, कार्यालयाच्या वहीत सहा महिने आधी बुकिंग असतं. ती वही दर महिन्याला सोसायटीच्या बोर्डावर लावा म्हणावं.

---

खणभागची_सून

हे आवडलं. फक्त एक: चातुर्मासात कार्यालयं हल्ली थंड नसतात. साड्यांचे सेल, फर्निचरची प्रदर्शनं, "फॅक्टरी दरात" चादरी. दिवाळीआधी तर जोरात. त्यांना दुकानांपेक्षा जास्त गर्दी असते, आणि सेल दहा-दहा दिवस चालतो. करारात "लग्नसमारंभ" एवढंच लिहिलं तर सेलवाले मोकाट सुटतील.

---

तिरका_डोळा

एवढं पंचांग उघडलंच आहे तर मुळातच विचारतो. पार्किंगची सक्ती हवीच कशाला? कॅलिफोर्नियाने २०२२ च्या कायद्याने चांगली बससेवा असलेल्या भागात किमान अट उठवली. न्यूझीलंडने २०२० मध्ये शहरांना सांगितलं, किमान अट काढा. ज्याला गाडी हवी त्याने तिची सोय बघावी. फ्लॅटच्या किमतीत पार्किंगचा खर्च सगळ्यांच्या माथी कशाला, ज्याच्याकडे सायकल आहे त्याच्याही?

---

सेक्रेटरी_काका

@तिरका_डोळा, बससेवा असलेल्या भागात, हे तुम्हीच लिहिलंत. आपल्याकडे सांगली ते मिरज सोडलं तर बाकी आनंद. अट काढली तर गाडी कमी होणार नाही, फुटपाथवर चढेल. जिथे फुटपाथ नाही तिथे गटारावर.

---

तिरका_डोळा

ती आत्ताही गटारावरच आहे की, अट असून.

---

बफेलोचा_सांगलीकर

दोघांचंही खरं. जपानने १९६२ मध्ये दुसरं टोक धरलं: आधी गाडी ठेवायची जागा दाखवा, मग नोंदणी. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी तशी भाषा केली. तसं खरंच झालं तर सामायिक जागेचा घोळ वाढेल. दिवसा दुकानाची आणि रात्री फ्लॅटची असलेली जागा पुरावा म्हणून नक्की कोण दाखवणार?

---

विश्रामबागकर (धागाकर्ता)

@नकाशेवाला, तुमचा प्रश्न वर्मी लागला. काल मालकांना सरळच विचारलं, महापालिकेचा कागद कशासाठी? आधी "असंच, रीतसर असावं म्हणून". मग त्यांच्या मुलाने सांगून टाकलं. त्यांना स्वतःच्या पार्किंगच्या अर्ध्या भागावर वातानुकूलित भोजनगृह बांधायचंय. पार्किंग कमी पडतं म्हणून नकाशा अडलाय. आमची जागा सामायिक दाखवली की ती तूट भरून निघते.

आता दुकानदारही जरा गप्प झालेत. एक जण मात्र अजून म्हणतो, "त्यांनी काय बांधायचं ते बांधू दे, आपल्याला पेव्हर आणि पैसे मिळतायत ना?"

---

नकाशेवाला

हेच वाटलं होतं. मग आता दोन गोष्टी अगदी वेगळ्या काढून ठेवा, कारण शेजारी त्या एकाच कागदात गुंडाळतायत.

एक म्हणजे वापर. तुमच्या जागेत अमुक वारी, अमुक वेळेत त्यांच्या गाड्या, त्यांच्या जागेत तुमच्या. हा दोन शेजाऱ्यांमधला व्यवहार. जमलं नाही तर थांबवता येतो.

दुसरी म्हणजे नकाशातली मोजणी. तुमचे चौकोन त्यांच्या परवानगीत धरले गेले की ते तुमच्या मिळकतीवरचं ओझं. भोजनगृह उभं राहिल्यावर तुम्ही "आता नको" म्हटलंत तरी ते पाडून कुणी पार्किंग करून देणार नाही. उद्या तुमची इमारत पुनर्विकासाला गेली, तर त्या जागेवर बांधकाम करणार नाही असं तुम्हीच नोंदणी करून दिलेलं असेल. नवा बिल्डर सर्च रिपोर्टमध्ये (मिळकतीच्या कागदपत्रांच्या तपासणीत) ते बघेल आणि भाव पाडेल. किंवा उठून जाईल.

आणि आकड्यांत सांगायचं तर: ४२ जागा "वाचतात" असा कुणी तक्ता दाखवला, तर नुसत्या चौकोनांचेच ५२५ चौरस मीटर झाले. त्यावर भोजनगृह छान बसतं. पण इथल्या मुहूर्ताने मोजलं तर वाचतात १८. बाकीच्या २४ गाड्या जाणार कुठे? तुमच्या गल्लीत. म्हणजे आज जो त्रास आहे तोच, फक्त तुमच्या सहीने.

एक किरकोळ पण महत्त्वाचं: इमारतीच्या बाजूची मोकळी सोडलेली जागा दोघांच्याही आकड्यात धरू देऊ नका. अग्निशमनाची गाडी तिथूनच फिरते.

---

कोर्टकचेरी

कायद्याच्या बाजूने भर घालतो.

वापराचा व्यवहार करायचा तर परवान्याच्या स्वरूपात करा, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ प्रमाणे. म्हणजे जागेत हक्क निर्माण होत नाही, फक्त वापरायची मुभा मिळते. मुदत थोडी ठेवा, नोंदणी करा, नूतनीकरण दोन्ही बाजूंच्या संमतीने.

आता पेव्हर ब्लॉकचं फुकट आमिष. त्याच कायद्याचं कलम ६० वाचा. परवानाधारकाने परवान्याच्या भरवशावर स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचं काम केलं, तर तो परवाना मागे घेता येत नाही. उद्या शेजारी कोर्टात म्हणतील, आम्ही भिंत पाडली, फरशी घातली, खांब रोवले, आता हे कसं काढून घेता? म्हणून तुमच्या हद्दीतलं पक्कं काम तुम्ही तुमच्या पैशाने करा. त्यांना द्यायचेच असतील तर मासिक रकमेत वाढवून देऊ देत. फाटक पाडायचंच झालं तर कुलूप तुमच्या बाजूला, किल्ली तुमच्या वॉचमनकडे.

वॉचमनवरून आठवलं. "वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत" हा बोर्ड लावला की सुटलो असं समजू नका. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताजमहाल हॉटेलच्या प्रकरणात सांगितलं की हॉटेलने वॅलेसाठी, म्हणजे स्वतः नेऊन लावण्यासाठी, गाडी ताब्यात घेतली असेल तर अशा बोर्डाने जबाबदारी झटकता येत नाही. लग्नात वॅलेवाली पोरं किल्ल्या घेऊन तुमच्या हद्दीत गाड्या लावणार. ती पोरं कुणाची, विमा कुणाचा, हे आधी लिहा.

---

साताऱ्याचा_पाहुणा

आमच्याकडे साताऱ्यात पोवई नाक्याच्या बाजूला एका शाळेचं मैदान आणि शेजारचं व्यापारी संकुल यांनी असं तोंडी जमवलं होतं. शाळा सुटली की संकुलाच्या गाड्या मैदानात. दोन्हीकडचे जुने वॉचमन दोस्त होते तोवर मस्त चाललं. एक वॉचमन गावी गेला, नवा आला, त्याने संध्याकाळी सहाला फाटकाला साखळी घातली आणि घरी गेला. आत अकरा गाड्या. त्यानंतर पालकसभेत जो गोंधळ झाला त्यात मैदानच बंद.

कागदात वेळा लिहा, पण "वेळ संपल्यावर आत राहिलेल्या गाडीचं काय" हेही लिहा. सगळी भांडणं तिथेच होतात.

---

खणभागची_सून

त्याच धर्तीवर: वऱ्हाडाची ट्रॅव्हल्स. कारसाठी आखलेल्या जागेत बस वळत नाही. ती मागे-पुढे करत तासभर वाट अडवते आणि क्लीनर पत्रा बडवत "येऊ दे, येऊ दे" ओरडतो. बसला आत बंदी, सरळ.

---

कृष्णाकाठ

एक मुद्दा कुणीच काढला नाही म्हणून. शेजाऱ्यांना कुणीतरी सुचवेलच की मग तळघरात पार्किंग करा. विश्रामबाग उंचावर आहे, तिथे जमूनही जाईल. पण गावभाग, मारुती चौक, हरभट रोड इकडे तळघर म्हणजे विहीर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोका पातळी ४५ ची. २०२१ ला पुन्हा. पंप लावून महिनाभर चिखल उपसणारे लोक मी पाहिलेत.

आणि पूर आला की खालच्या भागातले लोक गाड्या घेऊन वर येतात. विश्रामबाग, कुपवाड, मिरज रोड, जिथे मोकळं दिसेल तिथे. पुराचे महिने तेच, हळदवाल्यांनी सांगितलेले, कार्यालय मोकळं असण्याचे. करार करणारच असाल तर एक ओळ टाका: पाणी इशारा पातळीला, ४० फुटांना लागलं की दोन्हीकडची जागा पूरग्रस्तांच्या गाड्यांना खुली, कुणाची परवानगी न विचारता. शहराच्या दृष्टीने सामायिक पार्किंगचा सगळ्यात मोठा उपयोग मला हाच दिसतो. तुमच्या नकाशात त्याला रकाना नाही, हे माहीत आहे.

---

हळदवाला

+१. २०१९ ला आमचा टेंपो एका अनोळखी माणसाच्या अंगणात आठवडाभर उभा होता. रोज सकाळी तोच पुसून ठेवायचा.

---

विश्रामबागकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काल रात्री सर्वसाधारण सभा झाली. कोरम पुरा होता, पावभाजी ठेवली होती म्हणून असेल. इथले बरेच प्रतिसाद छापून वाटले.

ठरलं ते असं. महापालिकेच्या हमीपत्रावर सही नाही. भोजनगृहासाठी लागणारं पार्किंग त्यांनी त्यांच्याच जागेत बसवावं, वाटल्यास भोजनगृह वर उचलून खाली स्टिल्ट करावा. वापराचा करार मात्र आम्हालाही हवाय, कारण गल्ली मोकळी झाली तर फायदा आमचाच. तो अकरा महिन्यांचा, परवान्याचा. बुकिंगची वही दर महिन्याला बोर्डावर, त्यात सेल आणि प्रदर्शनंही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या ओपीडीच्या वेळेत दवाखान्यांसाठी काही जागा कायम राखीव, मुहूर्त कुठलाही असो. पक्कं काम आमच्या खर्चाने. बसला बंदी. पुराची ओळ एकमताने.

अडलंय ते वॉचमनवर. शेजारी म्हणतात पगार आम्ही देतो तर माणूस आमचा. सभेत म्हणणं पडलं की किल्ली ज्याच्या हातात तो आपलाच हवा. दुकानदार पगारात वाटा उचलायला तयार नाहीत, आणि फ्लॅटवाले म्हणतात लग्नं आमच्या घरची नाहीत.

---

सेक्रेटरी_काका

नेमणूक सोसायटीची, पगार सोसायटीच्या खात्यातून, आणि शेजाऱ्यांची मासिक रक्कम पगार भागून वर काही उरेल इतकी. वॉचमनला दोन मालक ठेवू नका. ठरावात "सोसायटी नेमील त्या व्यक्तीकडे किल्ली" असे शब्द घाला, वॉचमनचं नाव घालू नका.

---

कोर्टकचेरी

काकांशी सहमत. आणि शेजारी परत हमीपत्राची गोष्ट काढणारच, मासिक रक्कम वाढवून. तेव्हा चर्चा लेखी ठेवा. परवान्याच्या करारात एक कलम आत्ताच घालून घ्या: "या कराराच्या आधारे कोणत्याही बांधकाम परवानगीत सदर जागा पार्किंग म्हणून दर्शविता येणार नाही." कच्चा मसुदा तयार आहे, व्यनि करतो.

---

नकाशेवाला

मसुद्यासोबत जागेचा मोजमापाचा नकाशा जोडा, चौकोनांना नंबर घालून. जमिनीवर ऑइलपेंटने आखून घ्या, चुन्याने नको. पहिल्याच पावसात जातं.

---

तिरका_डोळा

आणि नवरदेवाच्या गाडीला कितवा नंबर?

---

विश्रामबागकर (धागाकर्ता)

त्यांच्या बाजूचा, फाटकापासून सगळ्यात लांबचा. @कोर्टकचेरी, मसुदा मिळाला. कलम घातलंय. रविवारी शेजाऱ्यांकडे बैठक आहे, काय म्हणतात ते इथे लिहीन.